पानाबाहेरचा चष्मा

मोताळा

प्रिय अपेक्षा,

जय भीम. फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून पत्र लिहिते आहे. पूर्ण वाच. मध्येच फोन करू नकोस. लग्नसराई तोंडावर आली, दुकान अडलं असेल, माहेरून परत येऊ का, असं तू विचारलंस. दुकान अडलेलं नाही. तुझे वडील सांगत होते, तू त्यांना म्हणालीस की दुकान आणि आई यांना सोडून मला दुसरा कसलाही विचार करता येणार नाही. आईचं, म्हणजे माझं, शेवटी लिहीन. आधी दुकानाचं.

कॉम्प्युटरवर डिझाइनचं नवं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. हो, तेच, ज्यासाठी तू माझ्या प्रसेनजितच्या मागे लागली होतीस. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवतं, आपल्या जुन्यात तो उतरत नाही, नुसते चौकोन दिसतात, मग अख्खी लग्नपत्रिका पुन्हा हाताने टाइप करायची. तू म्हणायचीस बदलू या. तो म्हणायचा, ही लग्नसराई जाऊ दे. मग तोच गेला, आणि त्यानंतर तू बदलू देईनास. मीही विषय काढला नाही.

काम जीवनने केलं, मलकापूरवाल्याने. मी पिंपळगाव राजाच्या शाळेत शिकवायचे तेव्हा तो चौथीला माझ्या वर्गात होता. आता ढेरी सुटली आहे, दोन मुलांचा बाप आहे, तरी माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही, उभ्यानेच माउस हलवतो. नवं टाकून झाल्यावर म्हणाला, “मॅडम, जुनं काढून टाकू का? उगीच जागा खाऊन राह्यलं.” मी म्हटलं, या घरात मीही जुनी आहे आणि जागा खाते, मलाही काढतोस का? बिचारा कान पकडायला लागला. “तसं नाही हो मॅडम. राहू द्या, दोन्ही राहते एका सिस्टिमवर. भांडत नाहीत.” मग त्याने एकच गोष्ट बजावून सांगितली. जुनी फाइल नव्यात उघडता येते, पण नव्यात एकदा सेव्ह केली की ती जुन्यात परत उघडत नाही. म्हणून प्रसेनजितच्या फाइली मी नव्यात उघडतच नाही. त्या जुन्यात उघडते, जुन्यातच बंद करते.

आता हसू नकोस, पण दोन्ही मी शिकले. तुझी खुर्ची मला उंच होते, म्हणून पायाखाली विटा ठेवल्या आहेत. जीवन बाजाराच्या दिवशी येतो, चहा पितो आणि शिकवतो. सुरुवातीला माउसने बुद्धमूर्ती धरायला जावं आणि अख्खी चौकट उचलली जावी. एकदा एका नवरदेवाचं नाव कुठे गेलं ते सापडेचना. जीवन म्हणाला, “मॅडम, ते पळालं नाही, पांढऱ्यावर पांढरं झालं.” मुलांना जन्मभर पाटीवर गिरवायला लावलं, आता माझी पाळी.

परवा हिंमतराव आले होते. त्यांच्या धाकटीचं, पुष्पांजलीचं जमलं. दारातूनच म्हणाले, “मॅडम, मोठीच्या लग्नाले प्रसेनभाऊनं जशी पत्रिका केली होती, तशीच पायजे. फक्त नावं बदलजा. अन् जावयाचं नाव आठवणीनं बदलजा हो, नाही तं दोघी बहिणींचा एकच नवरा होऊन जाईन!” स्वतःच मोठ्याने हसले. मग त्यांची नजर तुझ्या खुर्चीकडे गेली, तिथे मी बसलेली. त्यांनी टोपी काढून हातात धरली. “पोरगं लय चांगलं होतं,” एवढंच म्हणाले. मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं आणि मोठीची फाइल उघडली. जुन्यात. तिची नक्कल काढून तारीख, वार, जावई, सगळं बदललं. लाल पेन घेऊन तपासायला बसले, तेव्हा लक्षात आलं, मीच केलेलं मीच तपासते आहे. हे कधी झालं नव्हतं.

त्या फाइलींचं तुला सांगायला नको, पण सांगते, कारण तू गेल्यावर मी त्या पहिल्यांदाच नीट पाहिल्या. पूर्वी माझ्या हातात नुसता छापलेला कागद यायचा. पानाबाहेर जे असतं ते छापलं जात नाही, त्यामुळे मला ते कधी दिसलंच नव्हतं. किती पसारा ठेवायचा हा पोरगा! पिंपळपानं, अर्धवट मोर, कुणाच्या तरी मामाचं गाळलेलं नाव, एका कोपऱ्यात तुझं नाव वेगवेगळ्या वळणांत. आणि कितीतरी पानांबाहेर उजवीकडे वर एक चष्मा. गोल काचांचा, माझा. मी तो पाहून जीवनला विचारलं, तर त्याला ठाऊक होतं, एकट्या मलाच नव्हतं. “तुमी तपासलं नसलं की प्रसेनभाऊ चष्म्याचं चित्र काढून ठेवे. तपासलं की पुसून टाके. म्हणे, चष्मा असला तं छापाले पाठवायचं नाही, आई मारते.” तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे असे हसत होतात तर. बरं झालं हसलात.

छापून गेलेल्या फाइलींतला चष्मा पुसलेला असायला हवा. तरी एवढे चष्मे कसे, म्हणून मी बघत गेले, तेव्हा कळलं की तो पुसायला विसरायचा. शिस्त त्याला कधी लागलीच नाही. पण एका फाइलीतला चष्मा तो विसरलेला नाही. कडूबाच्या पोरीच्या, राखीच्या लग्नाची. त्याच्या अंगात ताप होता, मी दवाखान्यात चल म्हणत होते, तो म्हणत होता, एवढं एक पान होऊ दे, संध्याकाळी तू तपासून टाक. संध्याकाळी आपण बुलढाण्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. राखीची पत्रिका नंतर तू दुसऱ्याच फाइलीवरून करून दिलीस. त्या फाइलीला कुणी हात लावला नाही. आता मी दुकान उघडलं की आधी ती उघडते. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तपासते. तिच्यात एकही चूक नाही. चष्मा पुसायला हरकत नाही. मी पुसत नाही. फाइल बंद करते आणि कामाला लागते.

आता आईचं. तुझ्या वडिलांचा फोन आला तेव्हा ते बराच वेळ कपाशीचंच बोलले. मग जळगाव जामोदच्या उन्हाचं. शेवटी म्हणाले, “बाई, एक गोष्ट होती, पण तुम्हाला कशी सांगू?” मी म्हटलं, माणिकराव, सरळ सांगा. तुझ्यासाठी स्थळ आलं आहे, मेहकरचा नागसेन. बायको बाळंतपणात गेलेली. घरी येऊन गेला, चहाचे कप स्वतः आत नेऊन ठेवले, असं तुझ्या आईने मुद्दाम सांगायला लावलं. तुला माणूस बरा वाटला. आणि तरी तू नाही म्हणालीस, का, तर दुकान कोण पाहील आणि आई एकटी पडेल. दुकान मी पाहते, ते वर लिहिलं आहे, आणि त्यासाठीच मी हे सगळं शिकले. एकटी मी पडेन, ते खरं आहे. खोटं कशाला लिहू. पण तू या खुर्चीवर म्हातारी झालीस म्हणून माझा मुलगा परत येणार नाही. जुन्या फाइली मी सांभाळीन, त्यांना धक्का लागू देणार नाही. ते माझं काम आहे, तुझं नाही. आपल्या दुकानात नवी पत्रिका कुणी कोऱ्या पानावर करत नाही, जुनी उघडायची आणि नावं बदलायची. तुझ्या आणि प्रसेनजितच्या पत्रिकेवर मी ते करणार नाही. काल नव्या सॉफ्टवेअरमध्ये कोरं पान घेतलं आणि त्यावर तुझं नाव लिहिलं. वराची जागा रिकामी ठेवली आहे. निमंत्रकांत तुझ्या आईवडिलांच्या खाली माझं नाव घातलं आहे. तुला नको असेल तर काढ, पण मला विचारून काढ. स्क्रीनचा फोटो काढून ती तुझ्या मोबाइलवर पाठवते आहे. पानाबाहेर उजवीकडे वर एक चष्मा काढला आहे. मला तो नीट जमला नाही, एक काच मोठी झाली. ही पत्रिका मी तपासलेली नाही, आणि तपासणारही नाही. तू तपास. तुझा होकार आला की चष्मा मी माझ्या हाताने पुसून टाकीन.

तुझीच,
आई