उंदरापुढचा मोदक

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी

माफ कर वही, पाडव्यानंतर आज उघडतोय तुला. मंदारच्या मागे दिवस जातो, हे कारण नेहमीचंच. खरं म्हणजे लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे, आणि लिहायची लाज वाटते आहे.

योगिनी कोलार रोडच्या तिच्या खोलीवरून सकाळीच आली. मोटारसायकल घसरून तिच्या दादाच्या, मंदारच्या डोक्याला मार लागला, तेव्हापासून पोरीने हाच विषय धरला. मी आमच्या सगळ्या सोनागिरी वस्तीत सांगत फिरतो – माझी मुलगी डोक्यांवर संशोधन करते! कोणाच्या डोक्यांवर, ते कधी विचारलं नाही. आज तिची आई विजया मोदक तळत होती, तेव्हा सहज विचारलं.

"उंदरांच्या, बाबा."

आधी भूल देतात. मग डोक्यावर मोजून मारलेला घाव. माणसाला होतं तेच त्याला व्हावं म्हणून. नंतर बघायचं – वाट विसरतो का, कशाने सावरतो.

आणि समोर पाटावर गणपती, पायाशी मातीचा सुटा उंदीर! त्या उंदरापुढे पहिला मोदक ठेवायचं काम लहानपणापासून योगिनीचं.

म्हटलं, काचेच्या बशीत पेशी वाढवतात म्हणे, त्यांच्यावर करा की. "तेही करतो. पण पेशी वाट विसरत नाहीत, बाबा. स्वयंपाकघरातून आपल्या खोलीत जाताना चुकत नाहीत."

मंदार चुकतो. सकाळी चहा घेतला का, हे दुपारी आठवत नाही त्याला.

इथवर ठीक होतं. मग म्हणाली, "रिकाम्या पिंजऱ्यात एकटा ठेवलेला उंदीर मागे राहतो. सोबत असली, रोज काही नवं मिळालं, की बरा सावरतो. तुम्ही दादाला पडदे लावून ठेवलंय."

माझा तोलच गेला. सख्ख्या भावाला उंदीर म्हणतेस? मोदकाची वाटी तिच्या हातातून ओढून घेतली. "या हातांनी नैवेद्य नको!"

तिने ओढणीला हात पुसले. न जेवता गेली. मंदार दारात उभा राहून बघत होता.

२८ ऑगस्ट

उंदरापुढे मोदक नाही. विजया म्हणते, "ज्यांनी काढून घेतला त्यांनीच ठेवावा." ती वाटीही सापडत नाही.

३० ऑगस्ट

आरतीला शेजारचे तिवारीजी आले. "भाईसाहब, बिटिया नहीं दिखी?" म्हटलं, काम आहे. "हाँ भई, बड़ी साइंटिस्ट है!" मी प्रसाद वाटायला उठलो.

योगिनीला केलेला माझा फोन वाजून वाजून बंद होतो. आईचा उचलते. विजयाला विचारलं, जेवते ना ती नीट? "तुम्हीच विचारा."

१ सप्टेंबर

मी आठवी शिकलेला माणूस. कारखान्यात नमुना मोडून बघितल्याशिवाय माल बाहेर जात नसे. तेव्हा कधी वाईट वाटलं नाही. पण लोखंडाला जीव नव्हता. हे मला अजून पटलेलं नाही, पटेल असंही वाटत नाही.

पण तिला वाईट वाटतं का, हे तरी विचारायचं! विजया सांगते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन त्यांना खायला घालते. घरी येऊन रडतेही. मला का नाही सांगितलं? "तुम्ही ऐकता कुठे? तुम्ही फक्त भिता."

खरं आहे. मंदार पडेल, रस्ता चुकेल, कोणी हसेल त्याला – म्हणून ती खोली, ते पडदे. मी त्याला जपणं म्हणतो.

संध्याकाळी पडदे काढले. मंदार डोळे चोळत म्हणाला, "तिवारींनी घर हिरवं केलं?" दिवाळीपासून हिरवंच आहे.

३ सप्टेंबर

मंदारला भाजी आणायला घेऊन गेलो. हात धरला तर झटकला! मी भोपळा म्हटलं, त्याने कारली घेतली. विजया हसली – "आता खा दोघं!" दुपारी विचारलं, बाजारातून काय आणलं रे? आठवेना. बाजारात गेलो होतो हेही आठवेना.

पोरीला तोडलं, मग तिचंच ऐकून पडदेही काढले, आणि हाती काय आलं?

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

विसर्जनाला निघायचं तर पाटावर उंदीर नाही! घर पालथं घातलं. अपशकुनच वाटला. मंदारच्या कपाटात सापडला, शर्टांच्या मागे. पुढे तीच वाटी, वाळून दगड झालेला तोच मोदक. मुंग्या लागलेल्या.

"अरे, हे काय?"

"योगीचं काम आहे. ती आली की ठेवेल," म्हणाला. "तुम्ही तिच्या हातातून ओढलात ना."

चतुर्थीचं! याला आठवतंय!

उंदीर आणि वाटी होती तिथेच ठेवली. गणपती गेला, उंदीर घरीच राहिला.

७ सप्टेंबर

योगिनी, फोन उचलत नाहीस, म्हणून हे पान फाडून आईच्या हाती देतोय. उंदीर मंदारच्या कपाटात आहे, हात लावू देत नाही कोणाला. मोदक ताजे करायला सांगतो. मला रागावून बोल हवं तर. पण केव्हा येतेस तेवढं लवकर कळव, बाळा.