फ्लेवर जातो कुठे?

१४ ऑक्टोबर, शनिवार

निर्णय झाला. व्हिस्की घरीच गाळणार.

काल अवधूतकडे पार्टी. त्याने स्कॉटलंडहून आणलेली बाटली उघडली. सगळे डोळे मिटून मध, धूर, सुकं अंजीर असलं काहीबाही बोलत होते. मी दोन घोट घेतले. जळजळ, किंचित कडू, संपलं. फ्लेवर शून्य. लोक लेबल पितात. मला मात्र कोणी फसवू शकत नाही. दोन वर्षं बघतोय, कंपन्यांनी सगळ्यातला फ्लेवर काढून घेतलाय. कॉफी, आंब्याचा पल्प, आता व्हिस्कीसुद्धा. कॉस्ट कटिंग, दुसरं काय.

शैलजाला सांगितलं, इस्त्रीसाठी डिस्टिल्ड वॉटर करायचं यंत्र मागवलंय. ती म्हणाली, तुम्ही इस्त्री कधी केलीत?

२१ ऑक्टोबर, शनिवार

यंत्र आलं. रिफ्लक्स स्टिल. खाली स्टीलचं पिंप, वर माझ्या खांद्यापर्यंत येणारी उभी नळी, नळीत ठासून भरलेली तांब्याची जाळी. वाफ वर जाते, थंड होऊन जाळीतून खाली ठिबकते, पुन्हा वर जाते. दर फेरीला जास्त शुद्ध. बघत बसावंसं वाटतं.

शैलजाने अर्ध्या मिनिटात ओळखलं. बराच वेळ बोलली. सारांश: या देशात घरी बिअर केलेली चालते, दारू गाळलेली चालत नाही. ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू कधीही येईल. तिथे काय सांगायचं, नवरा गॅरेजमध्ये हातभट्टी लावतो? मी म्हटलं, हा पायलट प्रोजेक्ट आहे, स्कोप एका बाटलीचा. ती आत गेली आणि मिक्सर लावला. मिक्सरमध्ये काही नसावं.

२९ ऑक्टोबर, रविवार

मका आणि बार्ली आंबवायला ठेवून आठवडा झाला. आज इशिता सायकल काढायला गॅरेजमध्ये गेली आणि नाक दाबून बाहेर आली. "डॅड, समथिंग डाइड इन देअर."

मी जाऊन पिंपावर वाकलो, छाती भरून श्वास घेतला. कसलाही वास नाही. याला म्हणतात क्लीन फर्मेंटेशन. सोळा वर्षं एअर फ्रेशनरमध्ये वाढलेल्या मुलीला काय कळणार.

५ नोव्हेंबर, रविवार

पहिली धार. पाण्यासारखी स्वच्छ. चव: जळजळ. मका नाही, बार्ली नाही.

अवधूतला फोन केला. तो एकेकाळी घरी बिअर करायचा, त्यामुळे तज्ज्ञ आहे असं त्याचं मत. म्हणाला, "मोरू, यार, हे यंत्र मुळात व्होडकाचं. शुद्ध करता करता चव मागे ठेवून येतं. ती जाळी काढ आणि सावकाश चालव."

म्हणजे रूट कॉज सापडला. दोष यंत्राचा. जाळी निम्मी काढणार. सगळी काढली तर इंजिनिअरिंगचा अपमान होतो.

१३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी बरी चालली होती. काल चकली खाल्ली. कुरकुरीत, तिखट, पण बाकी चव नाही. अगदी सौम्य शब्दांत सुचवलं की रत्नाने (शैलजाची बहीण, नागपूर) यंदा भाजणी जुनी पाठवली असावी. शैलजा म्हणाली, भाजणी रत्नाने पाठवलेली नाही. मी इथे भाजली. घरभर खमंग वास सुटला होता, आणि तुम्ही याच टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होतात.

मला असं काही आठवत नाही.

कालपासून अबोला. संकल्प: स्वयंपाकावर फीडबॅक देणं बंद.

२ डिसेंबर, शनिवार

दुसरी धार. जाळी सगळी काढली (अवधूतचा आग्रह नव्हे, माझा स्वतंत्र निर्णय). बाहेरचा नळ थंडीने गोठलाय, म्हणून यंत्र थंड ठेवायला लाँड्री रूममधून पाइप आणला. पाइप निसटला. हॉलमधला गालिचा आता गॅरेजमध्ये वाळत आहे.

अवधूत खास चाखायला आला. एक घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "ओला पुठ्ठा. त्यावर जळका रबर."

मला इतका आनंद झाला! फ्लेवर आला म्हणजे! आता नुसता बदलायचा आहे, तो तर तपशील झाला. मग मी घोट घेतला. मला पुठ्ठासुद्धा लागला नाही.

अवधूत माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मोरू, तुला खरंच काही लागत नाही? म्हटलं, माझं स्टँडर्ड वेगळं आहे. तो ग्लास ठेवून थोड्या वेळाने गेला. जाताना दारात शैलजाशी हळू आवाजात काहीतरी बोलला. गालिच्याबद्दल असेल.

१७ डिसेंबर, रविवार

सोसायटीची ईमेल. शेजारच्या मिसेस नोव्हाक यांची तक्रार, आमच्या गॅरेजमधून दुर्गंधी येते. लगेच सविस्तर उत्तर पाठवलं: मी स्वतः गॅरेजच्या मध्यभागी उभं राहून दीर्घ श्वास घेतला असून कोणताही वास आढळला नाही, कृपया त्यांच्या कुत्र्याची तपासणी व्हावी.

शैलजाने ते पाठवल्यावर वाचलं. तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग एकदम विचारलं, अहो, तुम्हाला खरंच वास येत नाही का, की उगाच वाद घालताय? म्हटलं, जिथे वासच नाही तिथे येणार कुठून? ती म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवू या. मी म्हटलं, जानेवारीत बघू. तिसरी धार ओकच्या लाकडाचे तुकडे घालून मुरवायची आहे, महिनाभर कॅलेंडर फुल आहे.

१० जानेवारी, बुधवार

काल जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण घरात त्याबद्दल अतिशयोक्ती चालू आहे.

वर्क फ्रॉम होम होतं. बाहेर बर्फ. दुपारी चहाला दूध ठेवलं आणि शेजारीच टेबलावर बसून फोनवर वाचत होतो, नळीची उंची कमी केली तर फ्लेवर टिकतो का यावर लोकांनी फार सुरेख चर्चा केली आहे. दूध उतू गेलं असणार. त्याने खालची ज्योत विझली असणार. गॅस चालू राहिला असणार. मला वाटलं, दूध अजून तापायचंय.

इशिता शाळेतून आली. दार उघडताच किंचाळली. मी म्हटलं, काय झालं, बूट बाहेर काढ. तिने येऊन बटण बंद केलं, माझ्या स्वेटरची बाही धरली आणि मला ओढत बाहेर नेलं. मी मोज्यांवर बर्फात. तिने ९११ ला फोन केला. फोन तिच्या हातातून दोनदा पडला.

फायर ट्रक आला. मिसेस नोव्हाक कुत्र्यासकट बाहेर आल्या. फायरमनने मला विचारलं, तुम्ही शेगडीच्या शेजारीच बसला होतात ना, मग वास आला नाही? म्हटलं, जरा सर्दी आहे.

इशिता माझ्याशी मराठीत बोलत नाही. काल बोलली. "बाबा, तुम्हाला सर्दी नाहीये."

नंतर त्यांनी घरात हवा खेळावी म्हणून गॅरेज उघडलं. फायरमनने यंत्राकडे पाहिलं. मग माझ्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं. आणि पुढच्या खिडक्या उघडायला गेला. शैलजा ऑफिसमधून धावत आली, यंत्राकडे तिने पाहिलंही नाही. तिने इशिताला जवळ घेतलं आणि दोघी ड्राइव्हवेवर तशाच उभ्या राहिल्या. मी थोडा बाजूला होतो.

दूध मात्र वाया गेलं.

२५ जानेवारी, गुरुवार

नाकाच्या डॉक्टरांकडे. परीक्षा घेतली. एक पुस्तिका, प्रत्येक पानावर तपकिरी पट्टी. ती खरवडायची, हुंगायची, चारपैकी एक पर्याय निवडायचा. पेपर सोपा होता. वेळेआधीच दिला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, न हुंगता नुसत्या अंदाजाने खुणा केल्या असत्या तरी साधारण इतकेच बरोबर आले असते.

मग त्यांनी समजावलं. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू एवढंच. तिखटाची आणि दारूची जळजळ वेगळी. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ते जवळजवळ सगळं नाकाचं काम. विचारलं, कधीपासून? मी व्हिस्की कंपन्यांपासून सुरुवात केली. शैलजाने मला थांबवलं. म्हणाली, दोन वर्षांपूर्वी यांना कोविड झाला होता, तेव्हापासून असणार. आणि म्हणाली, "मला वाटत होतं, यांना आता माझ्या हातचं आवडत नाही."

हे तिने डॉक्टरांना सांगितलं, इंग्लिशमध्ये. मला कधीच सांगितलं नव्हतं.

येताना मी ड्राइव्ह करत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, आज ट्रॅफिक कमी आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

यंत्र उघडून सुटं केलं. साठवलेली सगळी व्हिस्की लाँड्रीच्या मोरीत ओतली. त्या वासापायी शैलजा आणि इशिता वरच्या मजल्यावर खिडक्या उघडून बसल्या. म्हणजे हे काम मीच करू शकत होतो. तसं बोलूनही दाखवलं.

डॉक्टरांनी चार छोट्या बाटल्या दिल्यात. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, मन लावून, त्या वासाची आठवण काढत. नाक परत येईल किंवा येणार नाही, म्हणाल्या. मी "येणार नाही" हा भाग मनावर घेतलेला नाही. टार्गेट: गुढीपाडवा.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेसात

आला! लिंबाचा वास आला! बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि स्पष्ट लिंबू. साल किसताना येतो तसा. मी ओरडलोच. शैलजा हात पुसत धावत आली. इशिता जिन्यावरून उड्या मारत आली. शैलजाचा चेहरा असा झाला होता की मी बघतच राहिलो.

तिने माझ्या हातातली बाटली घेतली. फिरवून चिठ्ठी वाचली.

लवंग.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, लवंगेत थोडं लिंबू असतंच. इशिता म्हणाली, "शुअर, बाबा."

शैलजाने लवंगेचं झाकण लावलं. लिंबाची बाटली उघडली, माझ्यासमोर धरली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

हुंगली.

काही नाही.