टेकडीवरचा बाक

महागाव, ९ डिसेंबर २००५

ति. विमलमावशीस,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सलीलच्या घरचे मला बघणार ते तुमच्या घरी नाही, सेमिनरी हिल्सवर, हे वाचून आई चक्रावली. पोहे काय टेकडीवर नेतात, असं विचारून राह्यली. बाबा म्हणाले, असेल नागपूरची रीत.

माझ्या पायाचं त्यांना सांगितलंत ना? कापसाच्या गाडीवरून पडले तेव्हापासून लंगडते, हे लपवून आले तर मला घास उतरणार नाही. उलट टपाली कळवावं.

तुमची
कुंदा

नागपूर, १४ डिसेंबर

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

घराण्यात पहिली शिकलीस म्हणून एवढी मिजास नको. घरी बघितलं की ट्रे घेऊन यावं लागतं, सगळ्यांच्या पाया पडत फिरावं लागतं. तिथेच बिंग फुटतं. म्हणून तर टेकडी शोधली. आपण आधीच रिक्षाने वर जाऊ, तुला बाकावर बसवीन. ते आले की बसूनच हात जोड. चक्कर आली म्हणून मी सांगेन. वरून सगळं स्पष्ट दिसतं, खालच्या वळणावरचा माणूससुद्धा ओळखू येतो. त्यांची नजर तिकडेच राहील.

कापसाला भाव नाही, या साली कापूसवाल्यांच्या दारात सोयरीक घेऊन येतं कोण? आणि तिथे मले-तुले करू नकोस.

शहाण्यासारखी वागशील या आशेवर,
मावशी

महागाव, १९ डिसेंबर

ति. मावशीस,
शि. सा. न.

तुमची युक्ती आईला वाचून दाखवली. सप्तपदी काय बाकावर बसून करता, असं तिनं विचारायला सांगितलंय. दुसरं स्थळ येईल की नाही, ही धास्ती बाबांना आहे, मलाही आहे. पण मुलाला शहर दाखवून मुलीचे पाय झाकायचे, ही हुशारी तुमच्याकडेच ठेवा. ज्या घरात जन्मभर उठायचंच नाही, तिथे मी नांदू कशी?

रविवारी येते. रिक्षा नको. तुम्ही, सलील आणि त्याची आई वर बाकावर बसा. मी खालच्या वळणापासून पायी चढत येईन. ओळखू येतं म्हणता, तर त्यांना सांगा, डावीकडे झुकत येते तीच मुलगी.

मी पोचेपर्यंत ते उठून गेले, तर बाक रिकामाच असेल. तिथे बसून नागपूर बघेन, मग बसस्टँडवर जाईन.

राग धरलात तरी पत्र बंद करू नका.

तुमची
कुंदा