आईच्या कानासाठी विंडोज ९८

५ नोव्हें. २००७, सोम.
आईचं कानातलं यंत्र पुन्हा नुसत्या शिट्ट्या मारतंय. आतली सेटिंग्ज पुसली गेलीत, नव्याने भरायला हवीत. ते जिथून घेतलं त्या सेक्टर ३४ मधल्या दुकानदाराने दसऱ्याआधी दुकान गुंडाळताना सेटिंग्ज भरायची सीडी आणि यंत्र संगणकाला जोडायची डबी माझ्या हातात ठेवली. "प्रोफेसर साब, आप तो कंप्यूटरवाले हो." मी केमिस्ट्री शिकवतो. असो.
सीडी फक्त विंडोज ९८ वर चालते. माझ्या मशीनवर लिनक्स, आणि ९८ला या मशीनची डिस्कच दिसत नाही. जुनं मशीन ओळखीत कुणाकडे उरलेलं नाही. नवं यंत्र आई घेऊ देत नाही. "ह्यांनी पसंत केलेलं आहे." बाबा गेले, विषय संपला.

७ बुध.
उपाय: लिनक्सच्या पोटात एक खोटा संगणक उभा करायचा, त्यात ९८ घालायचं. ते करून देणारं सॉफ्टवेअर म्हणतं, तुमचं लिनक्स आमच्या यादीत नाही. फोरमवर विचारलं. उत्तर: दुसरं लिनक्स टाका. म्हणजे खिळा ठोकायला आधी घर पाडा.
आई हल्ली सगळ्याला 'हो' म्हणते. ओठ वाचते, पण मराठीच. माझी लेक मुग्धा इथेच वाढलेली, बोलणार हिंदी, 'आजी' एवढाच शब्द मराठी. आई हसून "हो" म्हणते, मुग्धा आपली खोलीत निघून जाते. मला बघवत नाही.

१० शनि.
लिनक्सलाही डबी दिसेना, म्हणून केबलचा संशय आला. इंडस्ट्रियल एरियात गेलो तर सगळं बंद. लक्ष्मीपूजनानंतरचा दिवस, इथली विश्वकर्मा पूजा. आज इथे कुणी हत्याराला हात लावत नाही. एका शेडमध्ये हार घातलेल्या लेथपुढे सरदारजींनी हलवा दिला. "आज मशीनें आराम करेंगी जी, आप भी करो." केबल नाहीच.

१४ बुध.
फोरमवरच्या कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला पॅच लावून ९८ उभं केलं. पाच मिनिटं पडद्यावरचं ते निळं आकाश बघत बसलो. मग डबी जोडली: उपकरण सापडले नाही. नवी केबल आणून लावली, तेच.
संध्याकाळी लिनक्सने अपडेट घेतलं आणि खोटा संगणकही बसला. पुन्हा पहिल्यापासून. माझ्याच्याने होणार नाही हे. आईने विचारलं, "झालं का रे?" मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "हो."

१७ शनि.
९८ परत आलं. तरीही डबी दिसेना, म्हणून तिचं तोंड भिंगाखाली धरलं. पिनांमध्ये लाल-पिवळं वाळलेलं. हळदकुंकू, वर एक अक्षत. दसऱ्याला आईने घरातल्या यंत्रांची पूजा केली, तेव्हा हिलाही लावलेलं दिसतंय. आणि मी इतके दिवस लिनक्सला शिव्या घालतोय.
मुग्धा म्हणाली, "आजी ने मुझे इशारे से बताया था. ये ठीक हो जाए, इसलिए पूजा."
रागवायचं तरी कुणावर. लॅबमधून स्पिरिट आणलं, कापसाने पुसत बसलो.

१८ रवि.
डबी दिसली. यंत्रही दिसलं. पण जुन्या सेटिंग्ज कुठेच नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या तपासणीचा कागद समोर ठेवून अंदाजाने आकडे भरले. कान तोच राहिला असेल का, देव जाणे.
"ऐकू येतं?"
"हो."
या 'हो'वर काय विश्वास ठेवायचा? आईला कारलं बघवतही नाही. मुग्धाला आईच्या पाठीमागे उभं केलं, ओठ दिसायला नकोत. 'नको' आलं तर जिंकलो.
"आजी, करेला खाओगी?"
आई मागे न वळता म्हणाली, "दे. तू देशील ते खाईन."
मुग्धा उड्या मारत स्वयंपाकघरात पळाली. विचारायच्या आधी तिने सवयीने आजीच्या खांद्यावर हात ठेवला होता. ते तिला सांगितलं नाही. खरं तर पुन्हा विचारून बघायला हवं होतं, हात न लावता. मी मशीन बंद केलं.