ओट्यावरचा थोरला, खिडकीतला धाकला

ती. वन्संना शहापूरहून पारमिताचा मनापासून जयभीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? आईंचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, मनावर घेऊ नका. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि माझ्या घरचं गाऱ्हाणं निपाणीतल्या तुमच्या अख्ख्या गल्लीला ऐकवण्याइतकी मी अजून निगरगट्ट झालेली नाही. (आईंना वाचून दाखवाल तेव्हा छातीत दुखण्याचा भाग तेवढा गाळा.)

पत्राला कारण तुमचे बंधू, दुसरं काय असणार! दिवाळीनंतर ह्यांच्या छातीत दुखलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, की रविवारी पूर्ण विश्रांती, दुपारी झोप हवीच. आता ह्यांचा रविवार कसा असतो ते ऐका. सकाळी चहा व्हायच्या आत आमच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडलेला असतो. आपल्या सीमाभागात कचेरीत अर्ज कन्नडमध्ये लागतो आणि येणारी निम्मी माणसं बोलतात मराठी, म्हणून तुमचे बंधू बनियन-लुंगीवर मांडी घालून सगळ्यांचे अर्ज फुकट लिहून देतात. वर चहा माझा. संध्याकाळी विहारात पोरांची शिकवणी. मध्येच कुणाला रक्त हवं असलं तर हे उठून निघालेच (ते मात्र आता डॉक्टरांनी बंद केलं, नाहीतर नवरा बाटल्यांतूनच संपला असता).

आणि हे एकटेच असे असते तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. पण सरकारी पगार घेणाऱ्या सगळ्यांनाच ही खोड आहे. आमच्या शेजारचा भरमू वीजखात्यात आहे. घरचा पंखा महिना झाला बंद, बायको पुठ्ठ्यानं वारा घेते, पण जयंतीला चौकात माळा लावायला हा सगळ्यांच्या आधी खांबावर. सरकारी बसवरचे यल्लाप्पा आठवडाभर गाडी चालवून कंबर धरतात आणि सुट्टीला शाळेच्या सहलीची गाडी फुकट हाकायला जातात. मी शेवटी वैतागून डॉक्टरांकडेच तक्रार नेली. तेही सरकारी दवाखान्यातलेच. त्यांनी ह्यांना माझ्यासमोर चांगलं फैलावर घेतलं, मला धन्य वाटलं, आणि आम्ही उठताना हळूच म्हणाले, रविवारी उचगावला आमचं मोफत शिबिर आहे, नावं लिहून घ्यायला माणूस कमी पडतोय. हे हो म्हणाले!

त्यानंतर अंबुबाईचं प्रकरण झालं. ही उचगावची म्हातारी. सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवायचं म्हणून रविवारी आली. ह्यांनी मन लावून अर्ज लिहिला, तिला चहा पाजला, आणि आधारची झेरॉक्स जोडायची सोडून कुंडीखाली ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. सोमवारी म्हातारी कचेरीत खिडकीशी उभी. आत तुमचेच बंधू. पण चष्मा लावलेले, शर्ट खोचलेला, गळ्यात ओळखपत्र, आणि तोंडात कन्नड. त्यांनी अर्ज नियमाप्रमाणं तपासला आणि झेरॉक्स नाही म्हणून परत केला. स्वतः लिहिलेला अर्ज, वन्सं! अक्षरसुद्धा ओळखलं नाही. म्हातारीच्या मागची रांग बघूनच म्हणे ह्यांना घाम फुटला होता.

म्हातारी तरातरा आमच्या घरी आली आणि मला म्हणाली, "बाई, तुझा थोरला देवमाणूस हाय, त्येच्याबद्दल काय न्हाय. पर त्यो धाकला दीर कचेरीत बसतोय न्हवं, त्येला जरा समजाव. लई कडू हाय." मला दीर नाही हे तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, "तोंडावळा सारखा हाय की गं, झाकतीस कशाला?" शेवटी मी कुंडी उचलून झेरॉक्स काढून दिली आणि धाकट्याला समज देईन असं कबूल केलं.

संध्याकाळी मी ह्यांना धरलंच. म्हटलं, आठवडाभर हेच काम करता, मग रविवारी पुन्हा तेच कशाला? पुण्य हवंय की पुढारी व्हायचंय? गळ्यातलं ओळखपत्र काढून खुंटीला लावलं. मग म्हणाले, "खिडकीत बसून मी दिवसभर न्हाय म्हणतो. झेरॉक्स न्हाय, सही न्हाय. ते बरोबरच असतंय गं. पर माणूस पाठ फिरवून चाललेला दिसतोय, आणि उठून त्याच्या मागं जाता येत न्हाय. रविवारी जाता येतंय." मी भाकरी वाढली. पण वन्सं, खरं सांगते, मला भीती वाटते. लोकांना ह्यांचा रविवार हवा आहे आणि मला हे हवे आहेत.

आईंना नमस्कार, आणि तुम्हाला मनात येतील तेवढे.

तुमचीच,
पारमिता

ता. क. हे पत्र मी लिहिलंय हे ह्यांना कळू देऊ नका. ते तुम्हाला फार भितात, तेव्हा एकदा येऊन खडसावून जा.

ता. क. २. खडसावणं अर्ध्या तासात उरका. तुम्ही पोस्टात जन्म घालवलात, कन्नड अक्षर मोत्यासारखं आहे. महिनाभर रविवारचे अर्ज तुम्ही लिहा. पुरणपोळ्या मी करते.

ता. क. ३. आता सांगूनच टाकते. गेल्या रविवारी मी जेवणानंतर ह्यांना आत निजवलं, बाहेरून कडी घातली आणि सगळ्यांना हाकलायला ओट्यावर आले. भांडायची पूर्ण तयारी होती. म्हटलं, साहेबांच्या छातीत दुखतंय, झोपलेत. रडणारं पोर एकीनं उचलून गल्लीच्या टोकाला नेलं. समोरच्यांचा यंत्रमाग खडखडत होता, तो एकानं जाऊन थांबवायला लावला. कुणी उठून गेलं नाही, पण खोकलासुद्धा पदरात. आणि आतून ह्यांचं घोरणं ऐकू यायला लागलं, किती महिन्यांनी! मला रडू आलं. मग मीच मांडी घातली आणि माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये पहिला अर्ज लिहायला घेतला. तो सोमवारी ह्यांनी परत केला. लवकर या.