राख काढता ना?

३ मार्च, रविवार
पेलेट ग्रिल आलं. मागच्या अंगणात बसवलं. भुसा दाबून केलेल्या लाकडाच्या गोळ्या वरच्या डब्यात ओतायच्या, तापमानाचा आकडा लावायचा. आतला स्क्रू त्या गोळ्या थोड्या थोड्या जाळाच्या वाटीत ढकलतो, पंखा वारा घालतो. आपण खुर्चीत बसायचं. मेव्हणा अजून कोळशावर भाजतो. फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतो आणि त्याला कला म्हणतो.

२८ एप्रिलला सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. जेवण आमच्या अंगणात, वीस माणसं, सगळं ग्रिलवर. मी जाहीर करून टाकलं. अठरा वर्षांत या गृहस्थाने माझ्या एकाही गोष्टीला 'वा' म्हटलेलं नाही. नोकरीला नाही, घराला नाही. मेव्हण्याच्या करपलेल्या मक्याला मात्र एका जेवणात तीनदा. २८ तारखेला माझा 'वा' मी वसूल करणार.

४ मार्च, सोमवार
सोबत चौसष्ट पानी माहितीपुस्तिका. उघडलीसुद्धा नाही. एकवीस वर्षं मी स्वतः माहितीपुस्तिका लिहितोय. वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री. पानं कशी भरतात ते मला कोणी शिकवू नये. 'स्वच्छता व निगा' हे प्रकरण तर मी जुन्या मिक्सरचं उचलून नव्याला डकवतो. आजवर एक तक्रार नाही. म्हणजे ते कोणीच वाचत नाही, आणि न वाचता मिक्सर चालतात.

आमची ही दुपारी चहा पिता पिता पुस्तिका वाचत बसली होती म्हणे. हातात पेन्सिल. ती औषधांच्या दुकानात कामाला, सोमवारी तिची सुट्टी. असतो एकेकाचा विरंगुळा.

१० मार्च, रविवार
पहिलं चिकन. अप्रतिम. सासऱ्यांना मुद्दाम बोलावलं होतं. निवृत्त बॉयलर फोरमन. दोन तुकडे खाल्ले, तोंड पुसलं आणि विचारलं, राख काढता ना? बस्स. पुढे एक शब्द नाही. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय?

११ मार्च, सोमवार
विचार केला आणि सिद्धांत मांडला. काजळी म्हणजेच स्वाद. तवा जसा वापरून मुरतो तसं ग्रिल मुरायला हवं. सबब राख, चरबी, काजळी, कशालाही हात लावायचा नाही. ऑफिसात सांगितलं. सगळे गप्प झाले. पटलं की माणसं गप्प होतात.

संध्याकाळी घरी आलो तर ही व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी झटकत होती. नाकाच्या शेंड्यावर काळं. सुट्टीच्या दिवशी चार घटका आराम करावा, तर नाही. या बाईला सफाईचं वेडच आहे.

२४ मार्च, रविवार
तिसरा यशस्वी रविवार. राख एकदाही काढली नाही, यंत्र धडधाकट. सिद्धांत सिद्ध. शेजारचे दंतवैद्य कुंपणावरून टक लावून बघत होते. जळतात.

गुलाबाच्या कुंड्यांत राखाडी काहीतरी दिसतंय. हिने खत बदललं असावं. मला विचारायची पद्धतच नाही.

३१ मार्च, रविवार
महत्त्वाचा दिवस! पेटवण्याआधी सासऱ्यांनी जाळी उचलून जाळाच्या वाटीत बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि 'हं' म्हणाले. अठरा वर्षांतला पहिला 'हं'. मग नेहमीचंच, राख काढता ना? म्हटलं, हो तर. यात खोटं काही नाही. धुराबरोबर ती आपोआप जात असणार, नाहीतर वाटी रिकामी कशी? ही माझ्याकडे बघून हसली. कौतुक असावं.

१ एप्रिल, सोमवार
हिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ही पहाटेच तिकडे गेली, २७ तारखेला परत. जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेलीय. वर 'ग्रिल' असं लिहून खाली सात कलमं. माझ्या ग्रिलबद्दल मला सूचना! वाचली नाही. तिच्यावर २८ तारखेच्या पाहुण्यांची यादी डकवली.

७ एप्रिल, रविवार
पेटायला अर्धा तास. धूर भरपूर. ग्रिल मुरत चालल्याचं लक्षण.

१४ एप्रिल, रविवार
चिकन बाहेरून कोळसा, आतून कच्चं. हवेत दमटपणा आहे. कंपनीला खरमरीत ईमेल पाठवली. त्यांचं उत्तर लगेच आलं, राख काढली आहे का, पान ४१ पाहावे. उद्धट लोक. असली उत्तरं मी झोपेत लिहितो.

२१ एप्रिल, रविवार
रंगीत तालीम. बुधवारी पावसाची सर आली तेव्हा डब्याचं झाकण उघडं होतं. कोणी ठेवलं कोण जाणे. घरात तर मी एकटाच आहे. गोळ्या फुगून लगदा झाला, स्क्रू जाम. हातोडीचे तीन ठोके घातले, फिरायला लागला. हे तंत्र कुठल्या पुस्तिकेत आहे दाखवा. दंतवैद्य म्हणाले, एकदा आतून साफ करून बघा. हा माणूस रविवारीसुद्धा दवाखाना बंद करत नाही.

२७ एप्रिल, शनिवार
ही आली. बॅग खाली ठेवायच्या आधी ग्रिलचं झाकण उघडलं. आत वाकून बघितलं. मग विचारलं, चिठ्ठी वाचलीत? म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे, आत हात घालायचा नाही, उद्याचा सगळा स्वाद तिथेच आहे. म्हणाली, बरं.

हे 'बरं' मला आवडलं नाही.

२८ एप्रिल, रविवार
सकाळी ९.१० – पेटवलं.
९.५० – पेटलं.
११.४० – पाहुणे आले. मेव्हणा कोळशाची पिशवी आणि शेगडी गाडीत घालून आलाय. हा याचा माझ्यावरचा विश्वास.
१२.२० – आकडा चढतोय. उत्तम.
१२.२४ – जास्तच चढतोय.
१२.२६ – लिहायला वेळ नाही.

संध्याकाळी ६.००
जाळीखालच्या ट्रेमध्ये साचलेल्या चरबीने पेट घेतला. महिन्याभराचा स्वाद एकदम बाहेर आला. मी पाण्याची बादली उचलली तर सासऱ्यांनी माझं मनगट धरलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा या माणसाने माझा हात धरला, तोही बाजूला करायला. झाकण लावून टाकलं, वायर काढली आणि म्हणाले, आता गप्प उभे राहा. उभा राहिलो.

ग्रिल थंड झाल्यावर नव्या शर्टासकट गुडघ्यांवर बसले. चमचा मागवला. वाटीत राख दगडासारखी बसली होती, खरवडून काढली. मग विचारलं, गेल्या महिन्यात मी बोट फिरवलं तेव्हा ही वाटी लख्ख होती, तेव्हा कोण साफ करत होतं? ही गुलाबांकडे बघत होती. दंतवैद्यांना कोणी विचारलं नव्हतं, तरी ते कुंपणावरून म्हणाले, दर सोमवारी वहिनी करतात की, न चुकता.

सासरे उठले, गुडघे झटकले, लेकीकडे वळले आणि म्हणाले, वा.

वीस माणसांदेखत. माझ्या ग्रिलवर, माझ्या अंगणात. चार वाजता मेव्हण्याच्या कोळशावर भाजलेलं चिकन सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. मीही खाल्लं. बरं होतं.

२९ एप्रिल, सोमवार
रजा टाकली. ही दुकानात गेलीय, कोणाच्या तरी बदली. पाहुण्यांची यादी काढली तर खाली चिठ्ठी. वाचली. ग्रिल थंड झाल्याशिवाय हात लावू नका. वाटीतली राख व्हॅक्यूमने काढा. चरबीचा ट्रे पुसा. जाळी घासा. गोळ्यांचा डबा बंद ठेवा. राख गुलाबांना घाला.

सातवं कलम: बाबांनी विचारलं तर सांगा की हे सगळं तुम्हीच करता. मी काही बोलणार नाही. त्यांना फार बरं वाटेल.

व्हॅक्यूम क्लीनर घेऊन अंगणात गेलो.

दीड तास लागला. कोपरापर्यंत काळा झालो. सगळी कलमं पाळली, क्रमाने. गुलाबांनाही घातली. वाटी लख्ख झाली, स्वतः बोट फिरवून बघितलं. हात न धुताच सासऱ्यांना फोन लावला. म्हटलं, राख काढली.

म्हणाले, कोणी?