अकरा किल्ल्या कमरेला

३ तारीख, सकाळी
आलं: समुद्राकाठच्या बाईंच्या, म्हणजे आमच्या समुद्रबाईंच्या, घराच्या किल्ल्या, झाडून सगळ्या. हाताने काढलेला नकाशा. त्यात दवाखाना, दुकान, शिवाय 'इथे पाय घसरतो' अशी खूण. चार पानी पत्र. खर्च शून्य, तिकिटं त्यांनीच लावलेली.
गेलं: आमच्या पुढच्या दाराची किल्ली, नग एक. साध्या पाकिटातून.
मासिकातल्या जाहिरातीवरून जमलं. वीस दिवस त्या आमच्या घरात, आम्ही त्यांच्या. घराला घर, भाडं नाही, हॉटेल नाही. आधी देवाची कृपा, मग माझी नजर.
संकल्प: परक्या घरात परक्यासारखं राहायचं. कशाला हात लावायचा नाही.

५ तारीख
आवराआवर. चांगल्या चादरी कपाटात, कपाट बंद. काचेची भांडी बंद. खालची खोली बंद, तिथे पलंगावर नवी गादी आहे. एकूण कुलपं अकरा, किल्ल्या माझ्या कमरेला. कुलूप म्हणजे अविश्वास नव्हे. पाहुण्यांच्या डोक्यावरची जबाबदारी तेवढी कमी.
हे म्हणाले, मग पुढच्या दारालाही लाव, अगदीच हलके होतील बिचारे.
अशा बोलण्याला मी उत्तर देत नाही.

६ तारीख, संध्याकाळी
पोचलो. उकडतंय, पण वारा आहे. खिडकीतून समुद्र दिसतो, फुकट.
इतकं उघडं घर जन्मात पाहिलं नाही. कपाटं उघडी, त्यातले अर्धे कप्पे आमच्यासाठी रिकामे केलेले. पलंगावर कडक इस्त्रीच्या चादरी. ओट्यावर चिठ्ठी: सगळं तुमचंच आहे, संकोच करू नका.
बाई बेफिकीर दिसते. कुठे तरी एखादं कुलूप असेल म्हणून शोधलं. शोधलं म्हणजे, धूळ झटकता झटकता पाहिलं. नाही सापडलं. धूळही नाही सापडली.
देवांचा डबा खिडकीशी मांडला. जपात मन लागलं नाही. प्रवासाचा शीण.

७ तारीख
समुद्रबाईंचं पत्र आज शेवटपर्यंत वाचलं. आधी फक्त गॅस आणि पाण्याचं पान वाचलं होतं, कामाचं तेवढं. तिसऱ्या पानावर लिहिलंय: सासूबाईंना बरोबर आणतोय. गुडघे कामातून गेलेत, जिना चढवत नाही, जमिनीवरून उठवत नाही. तुमच्याकडे खाली पलंगाची खोली आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. नऊ वर्षांत त्या घर सोडून कुठे गेल्या नाहीत.
खालच्या खोलीचं मीच लिहिलं होतं. हवेशीर, असंही लिहिलं होतं.
असो. समुद्राकाठची माणसं काटक असतात. थोडं चढण्या-उतरण्याने गुडघे मोकळे होतात, असं कुठेसं ऐकलंय.

८ तारीख
दूधवाला बोलका आहे. विचारलं नसताना म्हणाला, आजी पोचल्या का नीट? जायच्या आधी गल्लीभर नवी पिशवी दाखवत फिरल्या हो! म्हणायच्या, माझी खाली वेगळी खोली आहे, लेकाच्या घोरण्यातून सुटले.
दूध अर्धा लिटर जास्त घेतलं गेलं. लक्ष नव्हतं.
हे दोन तास पाण्यात. बाहेर येऊन म्हणाले, कशी झोप लागते गं तुला त्यांच्या गादीवर?
छान लागते, म्हटलं. रात्री खाली चटई टाकून निजले. उकडत होतं म्हणून.

९ तारीख
निर्णय घेतला. फोन करून सांगायचं, खोलीची किल्ली चुकून माझ्याबरोबर आली, शेजारी कुलूपवाला आहे, त्याच्याकडून उघडून घ्या. 'चुकून' हा शब्द बरोबर आहे. चूकच ती.
घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना.

१० तारीख
सकाळी, दुपारी, संध्याकाळी. घंटा वाजते, उचलत नाहीत. किती फिरतात ही माणसं! मग गुडघ्यांचं एवढं कौतुक कशाला लिहायचं?
रात्री आंघोळ करताना आठवलं. फोन मी भिंतीतल्या कपाटात ठेवलाय. लांबचे फोन करत बसतील म्हणून. सातव्या किल्लीचं कपाट.
म्हणजे दोन दिवस मी माझ्याच कपाटाला हाका मारतेय.
यांना सांगितलं. हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम थांबले आणि म्हणाले, म्हातारी ती घंटा ऐकत असेल गं.

११ तारीख
हे म्हणतात, तार कर. म्हाताऱ्या माणसाच्या घरात तार गेली तर छातीत धस्स होतं, म्हटलं. किल्ली पाकिटातून पाठवावी तर वाटेत चोराच्या हाती लागायची.
हे म्हणाले, पुढच्या दाराची पाठवलीस तेव्हा चोर संपावर होते का?
खरं कारण इथे लिहिते, इथे कोण वाचतंय. तारेत 'कुलूप फोडा' लिहावं लागेल, आणि तारघरातला बाबू मान वर करून माझ्याकडे बघेल.
देवापुढे हात जोडले. डोळे मिटले की किल्ल्याच दिसतात.

१४ तारीख, दुपारी
आलं: समुद्रबाईंचं पत्र. उघडायच्या आधी ठरवलं, तक्रार असेल तर ठणकावून उत्तर द्यायचं. कुठलाही गृहस्थ घराला कुलपं लावतोच.
तक्रार नाही. त्या लिहितात:
घर फार छान आहे. तुम्ही कुलपं लावून ठेवलीत ते बरं झालं, आमच्या हातून काही मोडायची धास्ती नाही. सासूबाई बैठकीत जमिनीवर निजतात. म्हणतात, पाठीला कडक बरं. दोघांनी काखेत हात घालून धरलं की उठतात, त्यामुळे रात्री सहसा उठतच नाहीत, संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. कपाटात घंटा वाजते त्याची त्यांना गंमत वाटते. म्हणतात, आत कोणीतरी आहे, बिचारीला बाहेर काढा. तुम्ही समुद्रात गेलात का? आमच्या गादीवर झोप लागते ना?
ठणकावून द्यायला काही सापडलं नाही. तीनदा वाचलं. यांनीही वाचलं आणि घडी घालून परत माझ्या हातात दिलं.

१४ तारीख, चार वाजता
तार केली: कुलूप फोडा. बाबूने वर पाहिलं. पाहू दे. मागोमाग पत्र घातलं, त्याची नक्कल:
'सौ. ताईंस नमस्कार. किल्ली चुकून आलेली नाही. सगळ्या किल्ल्या मी मोजून बरोबर आणल्या. आजींना ती खोली लागणार हे मला सात तारखेलाच कळलं होतं, आणि मी गप्प बसले. खोलीचं, कपाटांचं, सगळी कुलपं फोडा. मोडतील त्या फळ्या मोडू द्या. आजींना पलंगावर निजवा आणि संध्याकाळी पोटभर पाणी द्या. माझ्याबद्दल काय वाटलं ते नाही लिहिलंत तरी चालेल. आजी रात्री आपल्या आपण उठल्या का, तेवढं मात्र उलट टपाली कळवा.'